खाडा पडला तरी चालेल: दीर्घ आजारात फिरणं टिकवायचं कसं?

"रोज ४५ मिनिटं चालत जा." डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय? ऐकल्यानंतरचा पहिला आठवडा बरा जातो. नवे बूट येतात, फोनवर पावलं मोजणारं अ‍ॅप येतं. मग एका रात्री गुडघा ठणकतो, किंवा तापात चार दिवस जातात, किंवा बाहेर तापमान उणे दहावर उतरतं. चाराचे आठ दिवस होतात आणि बूट दाराशी तसेच पडून राहतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा तेच वाक्य, आणि या वेळी जोडीला थोडी शरमसुद्धा.

अशा वेळी आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. पण नीट बघितलं तर दोष बहुतेक वेळा योजनेत असतो. रोज तेवढंच अंतर, तेवढाच वेळ ही योजना ज्याचं शरीर रोज साधारण सारखं असतं त्याच्यासाठी ठीक आहे. मधुमेह, संधिवात किंवा हृदयविकार घेऊन जगणाऱ्याचं शरीर रोज सारखं नसतं. त्यामुळे फिरण्याच्या योजनेत वाईट दिवसासाठीही जागा हवी. ती कशी ठेवायची, आणि शास्त्र त्याला कितपत आधार देतं, ते आज पाहू. उदाहरणासाठी आपल्या घरोघरी दिसणारी जोडी घेऊ: टाइप २ मधुमेह आणि दुखरा गुडघा.

दहा हजार पावलं आली कुठून?

आधी डोक्यावरचं एक ओझं उतरवू. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली होती. १९६५ मध्ये तिथल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि तो जगभर पसरला.

मोजमाप झालं ते खूप नंतर. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या पावलांची नोंद घेतली. २०१९ मध्ये आलेल्या या अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं. साधारण ७,५०० च्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही. यात एक मेख आहे. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे हा सगळा फरक चालण्यामुळेच पडला असं म्हणता येत नाही. तरी आपल्या कामाची गोष्ट उरतेच: फायदा तळाशी सुरू होतो. जो अगदी कमी चालतो, त्याला थोडं वाढवल्याने सर्वांत जास्त मिळण्याची शक्यता असते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत एक जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. आता प्रत्येक मिनिट धरतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं हे उद्दिष्ट कायम आहे, पण ते कितीही तुकड्यांत विभागलं तरी चालतं.

शतपावलीचं रसायन

जेवणानंतर शतपावली घालावी हे आपण आजी-आजोबांकडून ऐकत आलो. मधुमेहात या सवयीला चांगला आधार आहे.

जेवणानंतर रक्तात साखर चढते. ती स्नायूंच्या पेशींत शिरायला दार लागतं. हे दार म्हणजे ग्लुट-४ नावाचं प्रथिन, जे एरवी पेशीच्या आत दडलेलं असतं. इन्शुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येतं. टाइप २ मधुमेहात पेशी हा निरोप नीट ऐकत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावले की हेच प्रथिन दुसऱ्या वाटेने, इन्शुलिनच्या निरोपाशिवायही वर येतं. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू. ते चालते ठेवले की साखरेला मागचं दार उघडतं.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने हे टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर तपासलं. प्रत्येकाने एका टप्प्यात दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चालायचं, आणि दुसऱ्या टप्प्यात तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: जेवणानंतर चालण्याच्या टप्प्यात जेवणानंतरची साखरेची वाढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी होती, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रात्री आपण बहुधा जास्त खातो आणि मग सोफ्यावर बसतो, हे त्याचं एक कारण.

म्हणजे दिवसाची मिनिटं तीसच, फक्त वाटणी वेगळी. आणि ज्याला सलग ३० मिनिटं झेपत नाहीत, त्याला दहा मिनिटं झेपू शकतात.

तीन महिन्यांनी मिळणारी शाबासकी

उत्साह टिकत नाही यामागे एक साधं कारण आहे: बक्षीस फार उशिरा मिळतं. एचबीए१सी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. आज बर्फातून चालून आलात, त्याची शाबासकी तीन महिन्यांनी, तीही आंब्याच्या आणि लग्नाच्या दिवसांत मिसळून. एवढ्या उधारीवर कुणाचा उत्साह टिकेल?

घरात ग्लुकोमीटर असेल तर शाबासकी त्याच रात्री मिळू शकते. एक छोटा प्रयोग करा. दोन वेगवेगळ्या दिवशी रात्री तेच जेवण घ्या, म्हणजे तेवढ्याच पोळ्या, तीच भाजी, तेवढाच भात. एका दिवशी नेहमीप्रमाणे बसून राहा, दुसऱ्या दिवशी जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. पहिल्या घासापासून दीड तासाने दोन्ही दिवशी साखर मोजा. एका आकड्यावर भिस्त ठेवू नका, मीटरच्या मोजणीतही थोडा फरक असतोच. दोन-तीन वेळा करून पाहा आणि आकडे फ्रिजवर लावा. ब्रिटनमध्ये असाल तर तुमचं मीटर मिलिमोलमध्ये दाखवेल. भारतातल्या नातेवाइकांशी तुलना करायची तर १८ ने गुणा.

अनोळखी लोकांवरच्या अभ्यासापेक्षा स्वतःच्या रक्तातला हा फरक माणसाला जास्त पटतो.

खाड्याची भीती

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅप तुम्हाला सांगतं, "सलग २३ दिवस!" चोविसाव्या दिवशी गुडघा सुजतो आणि आकडा शून्यावर येतो. मग मनात येतं, मोडलंच आहे तर जाऊ दे. टोरंटोमधले मानसशास्त्रज्ञ जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांमध्ये हीच वृत्ती अभ्यासली. एक नियम मोडला की लोक उरलेला दिवसही सोडून देतात. एकादशीला चुकून बिस्किट तोंडात गेलं की "उपास मोडलाच" म्हणत पुरी-भाजी वाढून घेणारे आपल्याही ओळखीचे असतात.

सवय मात्र एवढी नाजूक नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे एक नवी सवय लावायला सांगितली. ती अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. आपल्या कामाचं निरीक्षण हे की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून एकट्या खाड्याची धास्ती घेऊ नका. तो दिवस किती लवकर मागे टाकता यावर पुढचं अवलंबून आहे.

तीन मापांची योजना

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' पद्धतीच्या संकल्पांचा अभ्यास केला. "मी जास्त चालेन" या संकल्पापेक्षा "रात्रीचं ताट सिंकमध्ये ठेवलं की लगेच बूट घालेन" हा संकल्प पार पडण्याची शक्यता जास्त असते, कारण निर्णय आधीच झालेला असतो. दीर्घ आजारात या 'जर'मध्ये शरीराची अवस्थाही घाला. कागदावर तीन ओळी लिहा:

चांगला दिवस: तिन्ही जेवणांनंतर १०–१५ मिनिटं, किंवा बागेत एक मोठी फेरी.

मधला दिवस: फक्त रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं.

वाईट दिवस: घरातल्या घरात शंभर पावलं. तेही नको असेल तर खुर्चीत बसून पाय सरळ करून खाली घेणं, दहा वेळा.

वाईट दिवसाचं माप इतकं लहान ठेवा की हसू यावं. शंभर पावलांनी साखर फारशी उतरणार नाही. त्यांचं काम वेगळं आहे: जेवणानंतर उठायचं, ही खूण पुसू द्यायची नाही. मात्र ताप, उलट्या किंवा छातीत दुखणं अशा दिवशी पूर्ण सुट्टी, आणि ती नियमातच लिहून ठेवा, म्हणजे ती खाडा वाटणार नाही.

दुखणं काय सांगतं?

गुडघ्याची झीज झाली असेल तर "चालून आणखी झिजेल" ही भीती असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि हालचालीतल्या दाब-सोडीने तो द्रव खेळता राहतो. त्यामुळे बेताचं चालणं सहसा फायद्याचंच ठरतं. बेत ओळखायला फिजिओथेरपिस्ट एक साधी पट्टी वापरतात: शून्य ते दहामध्ये दुखणं पाचाच्या आत राहावं, आणि २४ तासांत ते मूळ पातळीवर यावं. दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत असेल तर माप थोडं कमी करा.

उलटी चूक चांगल्या दिवशी होते. बरं वाटतंय म्हणून माणूस दोन तास हिंडतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणावर काढतो. चांगल्या दिवसालाही वरची मर्यादा हवी ती यासाठीच.

प्रत्येक आजाराचा नियम वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर पोटरी दुखेपर्यंत चालणं, थांबणं आणि पुन्हा चालणं हाच देखरेखीखालचा उपचार असतो. याउलट एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, आणि काही जणांच्या दीर्घ कोविडमध्ये, श्रमानंतर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये या सिंड्रोमसाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. तिथे "थोडं अजून" हा मंत्र अपाय करतो.

परदेशातली पायवाट

डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, तर आखातात जुलैच्या दुपारी बाहेर पाय टाकवत नाही. वर्षातून काही महिने तरी बाहेरचा रस्ता बंद असणार हे गृहीत धरून आतली जागा आधीच ठरवा: मॉल, मोठं किराणा दुकान, इमारतीचा कॉरिडॉर. पण जमेल तेव्हा बाहेरही जा. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बाहेर झाडांमधून किंवा आतल्या भुयारी वाटेने चालायला लावलं होतं. बाहेर चालून किती प्रसन्न वाटेल याचा अंदाज लोकांनी आधी कमीच बांधला होता. निघण्यापूर्वीच्या कंटाळ्यावर म्हणूनच फार विश्वास ठेवू नका.

सोबतीला घड्याळातला फरक वापरा. न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. तुमची जेवणानंतरची फेरी आणि आईचा सकाळचा चहा एकाच फोनवर होऊ शकतो. लंडनकरांना दुपारच्या जेवणानंतरची वेळ सोयीची, तेव्हा भारतात संध्याकाळ असते. यात वेगही आपोआप तपासला जातो: बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, हा मध्यम वेग. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं तर सावकाश व्हा.

निघण्यापूर्वी

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेत असाल तर चालताना साखर जास्त उतरू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर थांबून मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे ३.९ मिलिमोलच्या खाली, आकडा असेल तर लगेच गोड घ्या. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी फिरू नका, आणि रोज रात्री तळवे बघा, कारण फोड आला तरी कळत नाही. चालताना छातीत दाब किंवा नवा दम जाणवला तर थांबा आणि तातडीची मदत बोलवा.

पुढच्या तपासणीला जाताना फ्रिजवरचा कागद बरोबर न्या. त्यावर खाडे असतीलच. "४५ मिनिटं होत नाहीत, पण जेवणानंतर दहा होतात, आणि हे त्याचे आकडे," असं डॉक्टरांना सांगा. त्यांनाही पुढचं माप ठरवायला काहीतरी हातात मिळेल. तोवर आज रात्री ताट उचललं की घड्याळ लावा आणि दहा मिनिटं चाला. आज वाईट दिवस असेल तर शंभर पावलं पुरेत.