थंडीचा हक्क



पौषातल्या रात्री शेकोटीभोवती बसलेल्या माणसाला कोणी विचारले, "बाबा रे, तुला थंडीचा हक्क पाहिजे का?" तर तो म्हणेल, "थंडी तूच घेऊन जा, मला घोंगडी दे!" पण या पृथ्वीच्या पाठीवर असेही लोक आहेत, की ज्यांनी थंडी हा आमचा हक्क आहे असे जगाला बजावून सांगितले. आणि हे सांगायला पुढे झाली ती एक बाई.

उत्तर ध्रुवाच्या आसपास राहणाऱ्या ज्या लोकांना आपण शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' म्हणून ओळखले, ते स्वतःला 'इनुइट' म्हणवतात. या शब्दाचा अर्थ नुसता 'माणसे'. ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का आणि रशियाचे पूर्वेकडील टोक, एवढ्या विस्तीर्ण मुलखात मिळून त्यांची वस्ती सुमारे १,८०,०००. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी.

या लोकांच्या लेखी गोठलेला समुद्र हाच रस्ता आणि हेच शिवार. त्यावरून चालत जाऊन सील, वॉलरस यांची शिकार करायची. शिकार बहुधा पुरुष आणतो; पण तिचे अन्न, कातड्याचे कपडे आणि बूट होतात ते बायकांच्या हातून. त्यांच्या हाती 'उलू' नावाची अर्धचंद्राकृती सुरी असते. पूर्वी सीलच्या चरबीचा दिवा जळता ठेवणे हेही बाईचेच काम. उजेड, ऊब आणि स्वयंपाक, सारे त्या एका दिव्यावर. तेव्हा बर्फ बिघडला, की त्याची झळ थेट चुलीपर्यंत पोचते.

आणि बर्फ बिघडला आहे हे खरे. १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. असे का व्हावे? चुना दिलेली गच्ची आणि डांबरी रस्ता यांवर दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे एक कारण ध्यानात येईल. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचे काळे पाणी तेच ऊन पिऊन घेते आणि आणखी बर्फ वितळवते. मग वर्षानुवर्षे पायाखालची वाट पातळ होते आणि जाणता शिकारीसुद्धा पाण्यात जातो.

हे जगापुढे मांडणाऱ्या बाईंचे नाव आपल्या घरातलेच वाटेल: शीला. पूर्ण नाव शीला वॉट-क्लूटिए. जन्म १९५३ चा, कॅनडातील नुनाविक भागातल्या कूजुआक गावी. आई आणि आजी यांनी त्यांना वाढवले. पहिली दहा वर्षे प्रवास म्हणजे कुत्र्यांची गाडी, दुसरे वाहन ठाऊक नाही. दहाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी घरापासून शेकडो कोस दूर पाठवले. पुढे परत येऊन त्यांनी इस्पितळात दुभाष्याचे काम केले. रोग्याचे दुखणे डॉक्टरला आणि डॉक्टरचे म्हणणे रोग्याला. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या कार्याचे बीज इथे आहे.

१९९५ साली इनुइटांच्या परिषदेच्या कॅनडा शाखेच्या त्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली होती. ज्या मुलखात ना कारखाना ना फवारणी, तिथल्या आयांच्या दुधात विषारी रसायने निघाली! डीडीटीसारखी द्रव्ये उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडतात, वाऱ्याबरोबर जातात आणि थंडीत खाली उतरतात. मग माशातून सीलमध्ये, सीलमधून माणसात, अशी ती साठत जातात. डीडीटीची फवारणी आपल्या गावांनीही पाहिलेली आहे. तेव्हा हा प्रश्न अगदीच परक्याचा नव्हे.

१९९९ साली नैरोबीच्या वाटाघाटींत शीलाबाईंनी आई आणि मूल अशी एक कोरीव मूर्ती भेट दिली. ती मूर्ती पुढे अध्यक्षांच्या मेजावर असे. समोर कोणाचा प्रश्न आहे हे विसरायला जागाच उरली नाही! २००१ मध्ये स्टॉकहोमला या रसायनांविरुद्ध करार झाला आणि उत्तरेकडील मूळ रहिवाशांना असलेल्या धोक्याचा उल्लेख त्याच्या प्रास्ताविकात आला.

मग त्या हवामानाकडे वळल्या. ७ डिसेंबर २००५ रोजी कॅनडा आणि अलास्कातील बासष्ट इनुइटांना बरोबर घेऊन त्यांनी अमेरिका खंडांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. गाऱ्हाणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविरुद्ध: तुमच्या धुराने आमचे जगणे हिरावले जात आहे. आयोगाने २००६ मध्ये अर्ज चालवायला नकार दिला. तथापि १ मार्च २००७ रोजी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. निकाल हाती आला नाही, हे खरे. पण हवामान हा केवळ तापमापकाचा विषय नसून माणसाच्या हक्काचा आहे, ही वाट त्यांनी तुडवली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. ते एका अर्जाचे फळ म्हणता येणार नाही. पण वाट आधी कोणीतरी तुडवावी लागतेच.

या वाटेवर त्या एकट्याही नाहीत. कॅरिबू हरणांच्या वासराच्या भूमीत तेल उपसू नये म्हणून झगडणाऱ्या ग्विचिन जमातीच्या सेरा जेम्स यांचा २००२ साली गोल्डमन पारितोषिकाने गौरव झाला. समुद्रातील तेलविहिरींना विरोध करणाऱ्या अलास्काच्या कॅरोलाइन कॅनन यांचा २०१२ साली.

आता प्रश्न असा, की अशा बायकांच्या पाठीशी उभे राहायचे म्हणजे काय करायचे? हार घालून व्यासपीठावर बसवले, एवढ्याने भागत नाही. त्या अर्जात कायदा जाणणाऱ्यांचे कसब होते, शास्त्रज्ञांची मोजमापे होती. पण त्याबरोबरच बर्फावर जन्म काढलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी होत्या, आणि त्या पुरावा म्हणून मांडल्या होत्या. खरा आधार तो हा. बाईला ठाऊक असलेली गोष्ट 'बायकांच्या गप्पा' म्हणून बाजूला न सारता तिला कागदावर जागा द्यायची. तिच्या भाषेत बोलू द्यायचे, प्रवासाचा खर्च द्यायचा, आणि ती सभेला गेली तर मागची चूल कोणीतरी पेटवायची.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना जाता जाता एक सांगावेसे वाटते. भूगोलाच्या तासाला ध्रुवप्रदेश आला, की आपण फळ्यावर बर्फाचे घर काढतो. यापुढे त्या घरात दिवा सांभाळणारी बाईही काढा, आणि तिने जगाला काय विचारले तेही मुलांना सांगा.