दोन वह्यांची पानं जुळवताना

श्रोतेहो, शाळेच्या निकालाची वही एकच ठेवली आणि ती उंदरांनी कुरतडली, तर गुरुजींनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं? म्हणून सावध माणसं दोन वह्या ठेवीत. इकडे एक ओळ लिहिली की तीच तिकडे. संगणकाच्या दोन डिस्कवर हेच काम आपोआप होतं, त्याला ‘मिररिंग’, म्हणजे आरसा धरणं, म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली स्वस्त डिस्क एकत्र राबवण्याच्या ज्या रीती मांडल्या, त्यांतली ही पहिली. लिनक्स प्रणालीत तिला वेगळं यंत्र लागत नाही. ‘एमडीएडीएम’ हे फुकट मिळणारं साधन पुरतं.

आता एका शाळेत काय घडलं ते सांगतो. तिथं ५०० जीबीच्या दोन डिस्कवर मुलांचे दाखले आणि निकाल होते. एक डिस्क बिघडली. गुरुजींनी तालुक्याहून नवी आणली, ती ४८० जीबीची. ते म्हणाले, “अहो, जुनी निम्मी रिकामीच आहे. वीस जीबीनं काय अडतंय?” पण यंत्रानं नवी डिस्क घ्यायला साफ नकार दिला. जागा पुरेशी नाही, एवढंच उत्तर.

यंत्राचा हा हट्ट नव्हे. आरसा धरणाऱ्याला अक्षरं वाचता येत नाहीत. त्याला फक्त पानं मोजता येतात. कोणतं पान भरलेलं, कोणतं कोरं, हे त्याच्या वर बसलेल्या ‘फाइल-सिस्टिम’ला ठाऊक. खालच्याला शंभर पानांच्या वहीची जोडी शंभर पानांचीच हवी. मोठी चालते, जादा पानं नुसती पडून राहतात. लहान मात्र चालत नाही.

कधी कधी दोन्ही डिस्क अगदी सारख्या असूनही हे घडतं. जुनी साधनं पहिला भाग, म्हणजे पार्टिशन, ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून आखीत; आताची २०४८ पासून आखतात. शेवट तोच ठेवला तर नवा भाग १९८५ सेक्टरांनी, म्हणजे जेमतेम एका एमबीनं, तोकडा पडतो. नव्या डिस्कच्या शेवटी जागा उरली असेल तर तेवढा भाग लांबवावा, की काम झालं. जुन्या डिस्कची आखणी जशीच्या तशी नव्यावर उतरवणारी आज्ञाही आहे. पण ती देताना दिशा दोनदा तपासा. उलट गेली तर कोऱ्या डिस्कची आखणी भरलेल्या डिस्कवर बसते, आणि गुरुजींच्या हातात दोन कोऱ्या वह्या!

आपल्या शाळेत मात्र डिस्कच लहान होती. तेव्हा जुन्या वहीची पानं कमी करणं आलं. इथं क्रम चुकला की घात. आधी मागच्या पानांवरचा मजकूर पुढं आणायचा आणि मगच पानं कमी करायची. म्हणजे आधी फाइल-सिस्टिम आखूड करायची, नंतर आरसा. त्याही आधी सगळ्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ती उघडून पाहायची, कारण या घडीला दुसरी वही अस्तित्वातच नसते.

आणखी एक खोच आहे. डिस्कच्या वेष्टनावर ४८० लिहिलेलं असतं, ते हजाराच्या हिशेबानं. ही साधनं १०२४ च्या हिशेबानं मोजतात. त्यांच्या मापात ती ४४७ च भरते, आणि ५०० ची ४६५. वेष्टनावरचा आकडा आज्ञेत घातला की फसगत ठरलेली. म्हणून आम्ही हात राखून मापं घेतली. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू केला, फाइल-सिस्टिम तपासली आणि ती ४०० वर आणली. ती एक्स्ट-फोर जातीची होती म्हणून हे जमलं; एक्सएफएस असती तर ती अशी आखूड करता आली नसती, नक्कल काढून नव्यानं मांडावं लागलं असतं. मग आरसा ४४० वर आणला आणि फाइल-सिस्टिम पुन्हा तपासली. इथं काही बिघडलेलं दिसलं, तर आरसा होता तेवढा पुन्हा वाढवता येतो, मजकूर जात नाही. म्हणूनच ही तपासणी नवी डिस्क जोडण्याच्या आधी करायची.

मग नवी जोडली. यंत्रानं मुकाट्यानं घेतली आणि पान पान उतरवायला लागलं. ‘प्रॉक’मधल्या ‘एमडीस्टॅट’मध्ये किती टक्के झालं ते दिसतं. त्या वेळात चहा घ्यावा, पण वीज जाणार नाही याची तजवीज करून. उतरवणं संपल्यावर वाढवण्याचा क्रम उलटा: आधी आरसा जास्तीत जास्त मापावर, नंतर फाइल-सिस्टिम त्याच्या काठापर्यंत.

शेवटी नव्या डिस्कवरही संगणक सुरू करणारा ‘बूट लोडर’ बसवला. गुरुजींना भरवसा येईना. तेव्हा संगणक बंद करून जुनी डिस्क काढून ठेवली आणि एकट्या नव्या डिस्कवर तो चालू केला. दहावीचा निकाल उघडला तेव्हा कुठे त्यांनी जुनी परत लावू दिली.