चोविसावा हिस्सा आणि रंगाचा पातळ थर

मोटारीची छोटी प्रतिकृती म्हटली, की मागे ओढून सोडताच सुसाट पळणारी खेळण्यातील गाडी डोळ्यांपुढे येते. जगभर असंख्य प्रौढ माणसे ज्या छंदात आपल्या सुटीच्या संध्याकाळी घालवतात, तो मात्र याहून वेगळा आहे. त्यांच्या हाती गाडी येतच नाही. येते ती प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेल्या शंभर-दीडशे सुट्या भागांची पेटी. त्या भागांतून इंजिन, आसने, चाके, काचा आणि बाहेरचा सांगाडा उभा करायचा, रंगवायचा आणि खऱ्या गाडीशी ताडून पाहायचा, असे हे काम. ते करताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. गाडी चोवीसपट लहान करता येते; परंतु रंग, धूळ, हवेतला ओलावा आणि पाहणाऱ्याचा डोळा यांना लहान करता येत नाही. या छंदातील बहुतेक सगळे कौशल्य या एका अडचणीतून जन्माला आले आहे.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीच्या पेटीवर १/२४, १/२५, १/४३ असे आकडे छापलेले असतात. १/२४ म्हणजे मूळ गाडीच्या एक फुटासाठी अर्धा इंच. फूट-इंचांत मोजणाऱ्या देशांत हे प्रमाण सोयीचे ठरले. अमेरिकी कंपन्यांनी त्याच्या शेजारचे १/२५ हे प्रमाण रूढ केले. १/४३ हा विचित्र वाटणारा आकडा खेळण्यातील रेल्वेकडून आला. ब्रिटनमधील ‘ओ’ गेज रेल्वेत एक फुटाला सात मिलिमीटर हे माप धरले जाई. त्या रुळांशेजारी शोभतील अशा मोटारी त्याच मापाने घडू लागल्या.

आपल्या परिचयाची ॲम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब होती. १/२४ प्रमाणात ती १८ सेंटिमीटरांची होते, म्हणजे वीतभरही नाही. लांबी चोवीसपट घटली, तर पृष्ठभाग ५७६ पट घटतो आणि आकारमान तब्बल १३,८२४ पट. अकराशे किलो वजनाची गाडी याच हिशेबाने ८० ग्रॅमची ठरेल. दार आणि सांगाडा यांच्यामधली चार मिलिमीटरची फट प्रतिकृतीत ०.१७ मिलिमीटर उरते.

आता रंगाकडे वळू. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला, तर हे फार तर दोन केस. याच प्रमाणात प्रतिकृतीवर रंग द्यायचा, तर तो चार ते सहा मायक्रॉनांचाच असायला हवा आणि हाताने तेवढा पातळ थर बसवणे जवळपास अशक्य. अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक हात मिळून ५० मायक्रॉन भरले, तर खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखे होते. दाराची ती बारीक फट अशा लेपाने अर्धीअधिक बुजते, दिव्यांच्या कडा बोथट होतात आणि महागड्या पेटीतील गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. चकाकणाऱ्या धातुवर्णी रंगात अडचण आणखी वाढते. त्यातील ॲल्युमिनियमचा २० मायक्रॉनचा कण चोवीसपट मोठा करून पाहिला, तर तो जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा होतो. खऱ्या गाडीचाच रंग आणून प्रतिकृतीला दिला, तरी ती खरी दिसत नाही, त्याचे कारण हेच.

घासणे, सांधणे, रंगवणे

म्हणून रंगाच्या आधीचे काम रंगापेक्षा अधिक वेळ घेते. भाग चौकटीपासून ओढून तोडायचे नसतात. बारीक कटरने थोडे अंतर राखून कापायचे आणि उरलेला टवका धारदार सुरीने व पॉलिश पेपरने सपाट करायचा. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची सांधरेष प्रत्येक तुकड्यावर असते, तीही घासून काढावी लागते. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यावर उरण्याचा संभव असतो. साबणाच्या पाण्याने तो धुतला नाही, तर रंग धरत नाही.

सांधण्यासाठी जे द्रव वापरतात, त्याला आपण सवयीने गोंद म्हणतो. पण त्याचे काम निराळे आहे. ते पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवते, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेले, की सांधा एकजीव होतो. थेंब जास्त पडला, तर तोच द्रव गाडीचे टप वितळवतो. काचेच्या पारदर्शक भागांना म्हणूनच दुसऱ्या प्रकारचा, प्लास्टिकला इजा न करणारा गोंद लावतात. बुजण्याची भीती असलेल्या फटी रंगापूर्वीच अणकुचीदार हत्याराने थोड्या खोल करून घेतात.

यानंतर अस्तराचा हात. राखाडी अस्तरावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून दोष शोधण्यासाठी ते उत्तम. मात्र लाल किंवा पिवळा रंग द्यायचा असेल, तर खाली पांढरे वा गुलाबी अस्तर हवे. राखाडीवर हे रंग मळकट दिसतात. रंगाचे प्रमुख कुळ तीन : इनॅमल, ॲक्रिलिक आणि लॅकर. यांचा क्रम चुकला तर केलेले सगळे वाया जाते. वाळलेल्या लॅकरवर इनॅमल चालते. परंतु इनॅमलवर लॅकर मारले, तर त्यातील तीव्र द्रावक खालचा थर उचलतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात.

रंग एकाच हातात भरायचा मोह टाळणे, हा या कलेचा पहिला नियम. डब्यातील फवारा १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून, गाडीच्या अलीकडून सुरू करून पलीकडे थांबवत मारतात. पहिला हात धुक्यासारखा विरळ, दुसराही तसाच, आणि मगच एखादा ओला हात. एअरब्रश असेल तर रंग दुधाइतका पातळ करून कणाकणाने बसवता येतो. सर्वांत वर पारदर्शक लॅकर. ते पूर्ण वाळले, की दोन हजार क्रमांकाच्या किंवा त्याहून बारीक वॉटर पेपरने पाणी लावून घासायचे आणि पॉलिशने चमक आणायची. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तेथे दोन घास जास्त बसले तर खालचे प्लास्टिक उघडे पडते. खिडक्यांच्या चकाकत्या पट्ट्यांसाठी अत्यंत पातळ, चिकट धातुवर्ख मिळतो. तो दाबून बसवायचा आणि नव्या पात्याने कापायचा. मिठाईवर वर्ख चढवणाऱ्याचा हलका हात येथे उपयोगी पडावा.

पावसाळा आणि बंद खोली

गोव्यात हा छंद करणाऱ्याला एक अडचण ऋतूच पुरवतो. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडतो, तेव्हा रंगाचा पृष्ठभाग आसपासच्या हवेपेक्षा थंड होतो. जून ते सप्टेंबर या काळात हवेत ओलावा इतका असतो, की ती वाफ त्या थंड पृष्ठभागावर धरते आणि काळ्याभोर गाडीवर पांढरी झाक चढते. यावर उपाय आहेत. द्रावक सावकाश उडावा यासाठी मंद थिनर मिसळणे, पावसाची सर ओसरून ऊन पडलेली दुपार साधणे, किंवा चक्क ते चार महिने कापणे-घासणे-सांधणे यांसाठी राखून रंगकाम दिवाळीनंतर करणे. आपल्याकडील गणपतीच्या चित्रशाळांना ओल्या हवेत माती आणि रंग वाळवण्याची हीच कसरत दरवर्षी करावी लागते. फरक इतकाच, की त्यांना चतुर्थी पुढे ढकलता येत नाही.

दुसरा मुद्दा गंभीर आहे. थिनर आणि लॅकर यांची वाफ ज्वलनशील असते आणि बंद खोलीत ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. ओलाव्याला कंटाळून खिडक्या लावून वातानुकूलित खोलीत फवारा मारणे, ही म्हणूनच सर्वांत घातक सवय. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. सक्रिय कोळशाची फिल्टर असलेला मुखवटा लागतो, आणि हवा बाहेर फेकणारा पंखाही. जवळ गॅसची शेगडी, उदबत्ती वा देवघरातील समई पेटती नसावी. लहान मुले सोबत असतील, तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश एवढ्यावरच भागवावे. सुरीचे पाते मोठ्यांनीच हाताळावे.

छंदातून घडलेले हात

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारील. अमेरिकेतील एका जुन्या उपक्रमात त्याचे उत्तर सापडते. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली किशोरवयीन मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. प्रारंभी नेपोलियनकालीन बग्गीची हुबेहूब प्रतिकृती करायची असे. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची १/१२ प्रमाणातील प्रतिकृती मागवली जाऊ लागली. पारितोषिक म्हणून महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९६८ मध्ये स्पर्धा बंद झाली. तोवर तिच्यातून अनेक मोटार-आरेखनकार घडले होते. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या आरेखन विभागाचा उपाध्यक्ष झाला. लाकूड तासताना आणि रंग घासताना या मुलांच्या बोटांना वक्ररेषेची ओळख झाली होती.

प्लास्टिकच्या सुट्या भागांची पेटी ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने आली, ती विमानांची. मोटारींच्या पेट्यांना बहर आला १९५० च्या दशकात, अमेरिकेत. एएमटी कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नमुन्याच्या छोट्या गाड्या बनवत असे. १९५८ मध्ये तिने एकाच पेटीतून तीन प्रकारे गाडी उभारता येईल असे संच बाजारात आणले. जपानमधील शिझुओका शहर पुढे या उद्योगाचे माहेरघर झाले. तेथील तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली आणि लाकडी प्रतिकृतींवरून प्लास्टिककडे वळली. १९७६ च्या पोर्शे ९३४ या १/१२ प्रतिकृतीची हकिकत प्रसिद्ध आहे. कारखान्यातील छायाचित्रे आणि मापे अपुरी वाटल्याने शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून आतील रचना पाहिली. प्रतिकृती करणे म्हणजे आधी मूळ वस्तू भाग-भाग करून समजून घेणे, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या

हीच बाब आपल्याला थोडी अस्वस्थ करणारी आहे. जर्मन, जपानी, अमेरिकी मोटारींचे पेच-स्क्रूसुद्धा कुणीतरी मोजून ठेवले आहेत. आपल्या रस्त्यांवर आयुष्य काढलेल्या गाड्यांच्या वाट्याला असे मोजमाप क्वचितच आले. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. प्रीमियर पद्मिनीने २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईचा निरोप घेतला. गोव्यात १९६१ पूर्वी आयात झालेल्या युरोपीय आणि अमेरिकी मोटारी, लाकडी सांगाड्याच्या जुन्या प्रवासी बसगाड्या, ‘पायलट’ची पिवळी-काळी मोटारसायकल, ही सगळी आपल्या सामाजिक इतिहासाची वाहने. भंगारात गेलेल्या गाडीबरोबर तिच्या टपाचा उतार, पाट्यांची जागा आणि रंगाची नेमकी छटाही जाते.

तयार पेटी नसली, तरी प्रतिकृती करता येते. प्लास्टिकचा पातळ पत्रा, पुठ्ठा, तार आणि आता थ्री-डी प्रिंटर एवढे साहित्य पुरते. अनुभवी प्रतिकृतिकार अशी पूर्णतः हाताने घडवलेली गाडी हीच खरी कसोटी मानतात. तिच्यासाठी लागतात ती मापे. नवशिक्याने पहिली गाडी स्वस्त, थोड्या भागांची आणि एकाच रंगाची घ्यावी. पहिल्या रंगकामात फट बुजेलच, ती बुजू द्यावी. पण ज्यांच्या ओळखीत अजून एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांनी मालकाच्या परवानगीने मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन एक सकाळ तिच्यापाशी घालवावी. लांबी, रुंदी, दोन चाकांमधील अंतर, काचेचा कल आणि चारही बाजूंची समोरून काढलेली छायाचित्रे इतके टिपले, तरी ते पुरेसे आहे. प्रतिकृती पुढच्या वर्षी करता येईल, किंवा दुसरा कुणी करील. गाडी तोवर तेथे असेलच, याची खात्री नाही.