आयनांची जोडी आणि तिचे नाव

जठराचा किंवा आतड्याचा क्ष-किरण फोटो काढायचा असला, की रुग्णाला कधी कधी आधी एक पांढरे, खडू कालवल्यासारखे दिसणारे मिश्रण प्यायला देतात. ते असते बेरियम सल्फेटचे. बेरियम कार्बोनेट हे याच धातूचे दुसरे संयुग. ते मात्र उंदीर मारण्याचे विष म्हणून वापरले गेले आहे. दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्हींत बेरियम. फरक फक्त नावाच्या उत्तरार्धात. एवढ्याशा फरकाने जीवनमरणाचा प्रश्न कसा उभा राहतो? हे समजण्यासाठी आयनिक संयुगे कशी बनतात आणि त्यांना नावे कशी देतात, ते पाहू या.

आपल्या ओळखीच्या मिठापासून सुरुवात करू. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे मांडलेले असतात. सोडियमने बाहेरचा एक इलेक्ट्रॉन दिला आणि क्लोरीनने तो घेतला, की दोघांच्याही बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात. सोडियमवर एक धनभार येतो, क्लोरीनवर एक ऋणभार. अशा विद्युत्भारित कणांना आयन म्हणतात.

इथपर्यंत तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण यावरून सोडियम आपला इलेक्ट्रॉन आपखुशीने देऊन टाकतो, असे मात्र समजू नका. जरा जमाखर्च मांडून पाहा. अणूंच्या जगात ऊर्जा ‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ या एककात मोजतात. सोडियमच्या सुट्या अणूतून तो इलेक्ट्रॉन ओढून काढण्यासाठी सुमारे ५.१ एकके खर्च होतात. क्लोरीनचा अणू तो स्वीकारतो तेव्हा ३.६ एकके परत मिळतात. म्हणजे व्यवहार दीड एककाच्या तोट्याचा झाला! मग मीठ बनतेच कसे?

खरी कमाई पुढे होते. विरुद्ध भारांचे आयन एकमेकांना ओढतात आणि स्फटिकात ओळीने रचले जातात. प्रत्येक सोडियम आयनाला लागून सहा क्लोराइड आयन, आणि प्रत्येक क्लोराइड आयनाला लागून सहा सोडियम आयन. सुटे आयन असे एकत्र येताना दर जोडीमागे जवळजवळ ८ एकके ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो आणि वर बरीच शिल्लक उरते. ही बांधणी इतकी घट्ट असते, की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

संपूर्ण स्फटिकावर मात्र निव्वळ भार शून्य असतो. संयुगाचे सूत्र ठरते ते याच अटीमुळे. कॅल्शियम आयनावर दोन धनभार, म्हणून त्याच्यामागे दोन क्लोराइड आयन हवेत. तरीही आपण नुसते ‘कॅल्शियम क्लोराइड’ म्हणतो. दोनाचा उल्लेख करण्याची गरजच नाही. भार ठाऊक असले, की संख्या आपोआप कळते.

आता नावांकडे वळू. मोरचूद आणि हिराकस ही नावे तुम्ही ऐकली असतील. एक निळा, दुसरा हिरवट. दोन्ही सल्फेटच आहेत, एक तांब्याचे आणि दुसरे लोखंडाचे. पण या नावांवरून ते कळत नाही. युरोपातही पूर्वी अशीच मनास येतील ती नावे रूढ होती. १७८७ साली लव्हाझिये आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये नामकरणाची नवी पद्धत मांडली. पदार्थ ज्यांचा बनला, तेच त्याच्या नावात यावे, हे तिचे सूत्र. आजची पद्धत त्यातूनच वाढली.

तिचे मुख्य नियम थोडेच आहेत. धन आयनाचे नाव आधी, ऋण आयनाचे नंतर. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी ‘आइड’ येते : क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड. जोडीला ऑक्सिजन असेल तर बहुधा ‘एट’ किंवा ‘आइट’ येते. ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त, ‘आइट’मध्ये कमी. सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे चार अणू, सल्फाइटमध्ये तीन. हायड्रॉक्साइडसारखे काही अपवाद लक्षात ठेवावे लागतात.

काही धातूंचे आयन एकाहून अधिक प्रकारचे असतात. लोखंडाच्या आयनावर दोन धनभार असतील तर फेरस, तीन असतील तर फेरिक. हल्ली त्याऐवजी धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहितात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट.

आता बेरियमचे कोडे सोडवू. मोकळा बेरियम आयन विषारी असतो. स्नायूंच्या पेशींतून पोटॅशियम आयन बाहेर पडण्याची वाट तो अडवतो. स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. पण बेरियम सल्फेटमध्ये हा आयन जखडलेला असतो. एक लिटर पाण्यात ते जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते आणि जठरातील आम्लालाही दाद देत नाही. म्हणून ते जसे पोटात जाते तसेच बाहेर पडते. कार्बोनेटही पाण्यात फारसे विरघळत नाही. परंतु जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कार्बोनेट आयनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. जोडीदार नाहीसा झाला, की बेरियम आयन मोकळा!

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. २००३ साली ब्राझीलमध्ये क्ष-किरण तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटच्या औषधात बेरियम कार्बोनेट राहून गेले होते. त्यात काही रुग्णांना प्राण गमवावे लागले.

तेव्हा प्रयोगशाळेत बाटली उचलाल, तेव्हा तिच्यावरची चिठ्ठी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. ‘आइट’ आहे की ‘एट’, फेरस आहे की फेरिक, हे पाहिल्याशिवाय बूच काढू नका.

जाता जाता दोन प्रश्न. अ‍ॅल्युमिनियम आयनावर तीन धनभार आणि ऑक्साइड आयनावर दोन ऋणभार असतात. तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये या आयनांचे प्रमाण किती? आणि फेरिक सल्फेटमध्ये किती, सल्फेटवर दोन ऋणभार असतात तर? उत्तरे वहीत लिहून भारांची बेरीज करा. ती शून्य आली, तर उत्तर बरोबर!