फुर्टव्हेंग्लर यांची ध्वनिमुद्रणे : जीर्णोद्धार, पाठभेद आणि संग्रह

प्राचीन ग्रंथाचे हस्तलिखित हाती आले म्हणजे अभ्यासक प्रथम एकच प्रश्न विचारतो : ही प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली? मूळ ग्रंथकाराच्या हातची ती नव्हे, हे त्याने गृहीतच धरलेले असते. लेखकांचे प्रमाद, मध्यंतरी पडलेली भर, गळलेली पाने आणि कोणा सुधारकाने सद्धेतूने केलेले फेरफार यांचा विचार करून तो पाठ निश्चित करतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या पद्धतीचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. यंत्राने टिपलेला नाद म्हणजे घडलेल्या प्रसंगाचा साक्षात ठसा, त्यात पाठभेद कोठून येणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत टिकते हे पाहावयाचे झाल्यास जर्मन वाद्यवृंदसंचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास विशेष उद्‌बोधक ठरतो.

फुर्टव्हेंग्लर यांचा जन्म बर्लिन येथे २५ जानेवारी १८८६ रोजी झाला. आर्थर निकिश यांच्या निधनानंतर १९२२ मध्ये ते बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झाले. बाडेन-बाडेन येथे ३० नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांचा अंत झाला. बेटोव्हन, ब्राम्स, ब्रुकनर व वाग्नर यांच्या रचनांचे त्यांनी केलेले आविष्कार आजही आदर्श म्हणून ऐकले जातात. त्यांच्या कलेचे मर्म लयीच्या हाताळणीत होते. लिखित संगीतात एकच गती दर्शविलेली असली तरी ते तीत सूक्ष्म चढउतार करीत. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लय कोठे थबकली आणि कोठे वेगावली हे कळू नये, इतक्या अलगदपणे ते संक्रमण साधीत. अशा कलावंताच्या ध्वनिमुद्रणाची प्रत किंचित जलद वा किंचित मंद फिरली, तर ज्या गुणासाठी त्याला ऐकावयाचे त्या गुणावरच आघात होतो. म्हणूनच त्यांच्या मुद्रणांचा जीर्णोद्धार हा केवळ जुन्या वस्तूला झिलई देण्याचा प्रकार नसून त्यांच्याविषयीच्या आपल्या मताचा पायाच त्यावर अवलंबून आहे.

१. साधने : तबकडी आणि फीत

फुर्टव्हेंग्लर यांनी १९२६ मध्ये पोलिडोर कंपनीसाठी प्रथम ध्वनिमुद्रण केले. त्या काळी मेणाच्या जाड थाळीवर नाद कोरला जाई, तीवरून धातूचे साचे काढीत व त्या साच्यांतून लाखेच्या तबकड्या दाबून निघत. बारा इंची तबकडीच्या एका बाजूस चार ते साडेचार मिनिटांचेच संगीत मावे. बेटोव्हनच्या पाचव्या सिंफनीसारखी अर्ध्या तासाहून अधिक चालणारी रचना त्यामुळे आठ-नऊ तुकड्यांत वाजवावी लागे आणि प्रत्येक तुकड्यानंतर वाद्यवृंदास थांबावे लागे. ज्याची सारी साधना अखंड ओघाची, त्या संचालकास हे बंधन जाचक वाटले असल्यास नवल नाही.

चुंबकीय फितीने ही स्थिती पालटली. ए.ई.जी. कंपनीचे 'मॅग्नेटोफोन' यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात मांडले गेले. आरंभी त्याचा नाद खरखरीत असे. जर्मन नभोवाणीतील अभियंते वाल्टर वेबर यांना १९४० मध्ये असे आढळून आले, की ध्वनीबरोबर कानांस ऐकू न येणारा अतिशय उच्च कंपनाचा विद्युत्प्रवाह फितीवर सोडला असता खरखर एकदम घटते. ही फीत सेकंदास सुमारे ७७ सेंटिमीटर वेगाने धावे व हजार मीटरांच्या रिळावर बावीस मिनिटांच्या आसपास सलग संगीत राही. दोन यंत्रे आळीपाळीने चालविली की संपूर्ण मैफल न तुटता टिपता येई. परिणामी १९४२ ते १९४५ या काळातील फुर्टव्हेंग्लर यांच्या मैफली अशा स्पष्टतेने जतन झाल्या, की इतर देशांतील त्या वेळची मुद्रणे त्यांच्यापुढे फिकी वाटतात.

२. फितींचा प्रवास

बर्लिन फिलहार्मोनिकचे सभागृह ३० जानेवारी १९४४ रोजी बाँबहल्ल्यात नष्ट झाले. त्यानंतर मैफली अन्य जागी होऊ लागल्या. २३ जानेवारी १९४५ च्या मैफलीतील ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचा केवळ अखेरचा भाग उपलब्ध आहे. पहिले तीन भाग गेले ते गेलेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुर्टव्हेंग्लर व्हिएन्नामार्गे स्वित्झर्लंडला निघून गेले. बर्लिनचा पाडाव झाल्यावर नभोवाणीच्या संग्रहातील पुष्कळशा फिती सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोस नेल्या. पुढे १९६० नंतरच्या दशकात त्यांवरून मेलोडियाच्या दीर्घवादन तबकड्या निघाल्या. त्यांच्या थोड्याच प्रती पश्चिमेकडे पोहोचल्या. परंतु त्या ऐकून तेथील संग्राहक चकित झाले. त्या तबकड्यांवरून नव्या तबकड्या, त्यांवरून पुन्हा दुसऱ्या, अशी परंपरा सुरू झाली. १९८७ मध्ये काही फितींच्या प्रती व १९९१ मध्ये फितींचा आणखी साठा बर्लिनला परत आला, तेव्हा कोठे मूळ शाखेशी ताडून पाहण्याची सोय झाली. बर्लिन फिलहार्मोनिकने १९३९ ते १९४५ या काळातील ही नभोवाणी-मुद्रणे पुढे स्वतःच बावीस तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केली.

हस्तलिखितांच्या वंशवृक्षाची कल्पना ज्याला आहे त्याला हा प्रकार परिचित वाटेल. एकाच मैफलीच्या दहा आवृत्त्या बाजारात असल्या म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे होत नाही. त्यांतील आठ एकाच सदोष तबकडीच्या संतती असू शकतात.

३. गती आणि पट्टी

प्रतिलिपी करताना होणाऱ्या दोषांत गतीचा दोष सर्वांत घातक होय. यंत्र ठरावीक वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरले तर सर्व स्वर अर्ध्या स्वराने चढतात आणि पन्नास मिनिटांची सिंफनी सुमारे सत्तेचाळीस मिनिटांत संपते. लय जलद व पट्टी उंच झाल्याने वादन अधिक तेजस्वी भासते, आणि श्रोता या तेजाचे श्रेय संचालकास देऊन मोकळा होतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह मुद्रित झालेली बेटोव्हनची तिसरी सिंफनी, 'एरोइका', हे आहे. युरेनिया कंपनीने १९५३ मध्ये ती दीर्घवादन तबकडीवर काढली. फुर्टव्हेंग्लर यांनी तीस कायदेशीर हरकत घेतली; त्यामुळे ती तबकडी दुर्मिळ झाली व संग्राहकांत तिचे मोल अधिकच वाढले. परंतु त्या तबकडीची पट्टी वाजवीपेक्षा चढी होती. नंतरच्या संपादकांनी ती उतरवून मूळ जागी आणली, तेव्हा लयीचा आवेग काहीसा निवळला आणि मंद गतीच्या शोकगंभीर दुसऱ्या भागाचे गांभीर्य वाढले. जुन्या तबकडीवर पोसलेल्या कित्येक रसिकांना हा बदल रुचला नाही. अपपाठ कानात बसला म्हणजे शुद्ध पाठच चुकीचा वाटू लागतो, हा ग्रंथसंपादकांचा अनुभव येथेही येतो.

पट्टी निश्चित करण्यास अनेक खुणांचा उपयोग होतो. रचनेचा मूळ स्वर छापील संहितेवरून ठाऊक असतो. त्या शहरातील वाद्ये कोणत्या कंपनसंख्येवर जुळवीत याचाही अंदाज असतो. काही मुद्रणांत विद्युत्पुरवठ्याची अस्पष्ट घुरघुर उतरलेली असते. युरोपात तिची कंपने सेकंदास पन्नास असावयास हवीत, म्हणून तिच्यावरूनही यंत्राची गती जोखता येते. मात्र कोणत्याही एकाच खुणेवर विसंबणे धोक्याचे असते.

४. एका मैफलीचे तीन पाठ

बायरॉइट येथील वाग्नर महोत्सव युद्धोत्तर काळात २९ जुलै १९५१ रोजी बेटोव्हनच्या नवव्या सिंफनीने पुन्हा सुरू झाला. संचालक फुर्टव्हेंग्लर होते. त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये ई.एम.आय. संस्थेने त्या प्रसंगाचे मुद्रण प्रसिद्ध केले. अर्धशतकभर ते त्या रात्रीचे यथातथ्य चित्र म्हणून मान्यता पावले. २००८ च्या सुमारास ऑर्फेओ संस्थेने बव्हेरियाच्या नभोवाणीच्या संग्रहातील फीत प्रसिद्ध केली. ती पूर्वीच्या मुद्रणाशी अनेक ठिकाणी जुळेना. तेव्हा एक मैफल व दुसरी तालीम असली पाहिजे, अथवा एकात दोहोंचे तुकडे जोडलेले असले पाहिजेत, हे उघड झाले आणि कोणते काय, याविषयी वाद माजला. २०२० नंतर स्वीडनच्या नभोवाणीकडील फीतही प्रकाशात आली. तीत निवेदकाच्या उद्‌घोषणा व मधल्या शांततेसह प्रक्षेपण जसेच्या तसे राहिले असल्यामुळे बव्हेरियाच्या फितीची बाजू बळकट झाली. जुने मुद्रण यामुळे त्याज्य ठरत नाही; पण एका रात्रीचा अखंड दस्तऐवज म्हणून त्याचा दाखला देता येणार नाही.

दोन मुद्रणे एकाच वादनाची आहेत की नाहीत, हे ठरविण्याची रीत रोचक आहे. केवळ कालावधी जुळवून भागत नाही, कारण गती भिन्न असू शकते. परंतु चारही भाग एकाच प्रमाणात लहान अथवा मोठे असतील, तर वादन एक व गती भिन्न, असा तर्क करता येतो. शिंगवाद्याचा चुकलेला स्वर, पडलेली एखादी वस्तू, श्रोत्यांतील खोकला, या गोष्टी तर बोटांच्या ठशांसारख्या असतात. ज्या खोकल्याने रसभंग होतो तोच संशोधकाचा विश्वासू साक्षी ठरतो. अशाच तपासणीतून कर्तृत्वाचेही प्रश्न सुटतात. ड्‌वोर्झाक यांच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीचे एक मुद्रण फुर्टव्हेंग्लर यांच्या नावे बराच काळ फिरत होते. ते वस्तुतः ओस्वाल्ड काबास्टा यांच्या संचालनाखाली म्युनिक फिलहार्मोनिकने केलेले वादन असल्याचे निष्पन्न झाले.

५. किती शुद्ध करावे?

तबकडी स्वच्छ धुऊन, खोबणीच्या न झिजलेल्या भागावर बसेल अशी सुई निवडून नाद उतरविणे, ही जीर्णोद्धाराची पहिली पायरी होय. त्यानंतर संगणकाच्या साहाय्याने टिकटिक व खरखर कमी करता येते. येथेच विवेकाची कसोटी लागते. खरखर आणि संगीत यांची कंपने एकमेकांत मिसळलेली असतात. एक काढू जाता दुसरेही थोडे निघून जाते. नववी सिंफनी तंतुवाद्यांच्या जवळजवळ अश्राव्य कंपाने सुरू होते. पार्श्वनाद पार पुसून टाकला तर हा आरंभच विरतो, सभागृहाचा श्वास नाहीसा होतो आणि व्हायोलिनचा नाद काचेसारखा निर्जीव होतो. उलट काही प्रकाशकांनी एकमार्गी मुद्रणास कृत्रिम द्विमार्गी रूप देऊन त्यात नसलेले अवकाश निर्माण केले. देवालयाच्या जीर्णोद्धारात ढासळलेला दगड बसविणे वेगळे आणि मूळ शिल्पावर रंग फासणे वेगळे. हा भेद नादालाही लागू आहे.

६. संग्राहकाचे कर्तव्य

या सर्व विवेचनावरून संग्रहाची काही पथ्ये निष्पन्न होतात. प्रत्येक मुद्रणापुढे मैफलीचे स्थळ, दिनांक व वाद्यवृंद यांबरोबरच मूळ साधन तबकडी की फीत, कोणत्या पिढीची प्रत, संस्कार कोणी व केव्हा केला, पट्टी सुधारली की नाही, तुकडे जोडले आहेत काय, याची नोंद असावी. जी आवृत्ती यांपैकी काहीच सांगत नाही ती कितीही श्रवणमधुर असली तरी पुरावा म्हणून दुय्यम समजावी. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी टाकून देऊ नये. मूळ फीत कालांतराने झिजते आणि तिची पूर्वीची सुस्थिती एखाद्या जुन्या तबकडीतच शिल्लक उरते.

दिनांकाच्या नोंदीस आणखी एक अर्थ आहे. १९ एप्रिल १९४२ रोजी बर्लिनमध्ये फुर्टव्हेंग्लर यांनी संचालित केलेली नववी सिंफनी हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येच्या समारंभात सादर झाली होती. हिंडेमिट प्रकरणावरून १९३४ मध्ये त्यांनी पदांचे राजीनामे दिले होते, काही ज्यू वादकांना आधारही दिला होता. तरी ते जर्मनीतच राहिले. १९४६ मध्ये त्यांची चौकशी झाली व दोषमुक्त ठरून मे १९४७ मध्ये ते बर्लिन फिलहार्मोनिकपुढे पुन्हा उभे राहिले. त्यांच्या वर्तनाविषयी मतभेद राहणारच. परंतु मुद्रणावरील दिनांक, स्थळ आणि टाळ्यांचा गजर कापून टाकून केवळ 'शुद्ध संगीत' विकणारी आवृत्ती श्रोत्याकडून हा प्रश्नच हिरावून घेते. जीर्णोद्धारात आवाज वगळला जातो तसा इतिहासही वगळला जाऊ शकतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय परका नाही. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांचे ख्याल तीन-साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांतूनच आपल्यापर्यंत आले. त्या तबकड्या कोणत्या गतीने वाजवाव्यात यावर गायकाची पट्टी आणि आवाजाची जातच ठरते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने अशा ध्वनिमुद्रिकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. बर्लिनच्या फितींबाबत जी चिकित्सा झाली तीच येथील तबकड्यांबाबत होणे अगत्याचे आहे. पट्टी निश्चित न करता एखाद्या घराण्याच्या स्वरलगावाविषयी काढलेले निष्कर्ष हे अपपाठावर रचलेल्या भाष्यासारखेच ठरतील.