कलानी, ज्योती

कलानी, ज्योती : (मृ. १८ एप्रिल २०२१). महाराष्ट्रातील एक राजकीय नेत्या, उल्हासनगरच्या (जि. ठाणे) माजी महापौर आणि तेराव्या महाराष्ट्र विधानसभेच्या (२०१४–१९) सदस्या. पूर्ण नाव ज्योती सुरेश कलानी. उल्हासनगरच्या राजकारणात सु. चार दशके वावरणाऱ्या कलानी कुटुंबातील पती, पत्नी, पुत्र व स्नुषा अशा चौघांनी नगरपालिका, महानगरपालिका अथवा विधानसभा यांच्या निवडणुका लढविल्या. त्यांपैकी विधानसभेत निवडून गेलेल्या ज्योती या दुसऱ्या व्यक्ती होत. राजकीय घराण्याचा वारसा एका व्यक्तीकडून दुसरीकडे कसा जातो, कायदा त्यात कोणती भूमिका बजावतो आणि अशा वारशाच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यास त्यांची कारकीर्द उपयुक्त ठरते.

शहराची पार्श्वभूमी : मुंबईच्या ईशान्येस सु. ६० किमी.वर, कल्याण व अंबरनाथ यांच्या दरम्यान वसलेले उल्हासनगर हे मूळचे लष्करी संक्रमण-शिबिर होय. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांना या शिबिराच्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला हे नाव देण्यात आले. शहराचे विभाग आजही ‘कॅम्प’ या नावाने व क्रमांकानेच ओळखले जातात. १९९६ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ होती.

पंजाब व बंगाल या प्रांतांचा काही भाग तरी भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी समाजाला स्वतःचे असे राज्य उरले नाही. ज्या थोड्या शहरांत त्यांची वस्ती एकवटली, तेथेच त्यांचे मत निर्णायक ठरू शकले. उल्हासनगर हे अशा शहरांपैकी प्रमुख होय. शहरात सिंधी व्यापारी व कारखानदार यांच्याबरोबरच मराठी भाषक, दलित वस्त्यांतील कष्टकरी आणि उत्तर भारतातून आलेले कामगार यांचीही संख्या मोठी आहे. त्यामुळे केवळ एका समाजाच्या आधारावर येथे निवडणूक जिंकणे अवघड असते.

या शहराचा सर्वांत जटिल प्रश्न घरांच्या मालकीचा व बांधकामांच्या वैधतेचा आहे. बराकी व भूखंड निर्वासितांच्या नावे करून देण्याची प्रक्रिया दीर्घकाळ चालली. दरम्यान अल्प क्षेत्रफळात लोकसंख्या वाढत गेली आणि जुन्या बराकींच्या जागी परवानगीविना बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने अशा ८५५ इमारतींवर कारवाईचा आदेश दिल्यावर राज्य शासनाने प्रथम अध्यादेश काढला व नंतर २००६ मध्ये उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करून दंड आकारून बांधकामे नियमित करण्याची तरतूद केली. ज्या शहरात बहुसंख्य कुटुंबांना आपले घर पाडले जाईल काय, ही चिंता असते, तेथे बांधकाम परवाना, करआकारणी व पाणीपुरवठा यांवर नियंत्रण ठेवणारी नगरसंस्था आणि तिच्यावर प्रभाव असणारी व्यक्ती यांना असाधारण महत्त्व प्राप्त होते. कलानी कुटुंबाच्या राजकारणाचा उगम या नगरसंस्थेतच आहे.

घराणे : ज्योती यांचे पती सुरेश ऊर्फ पप्पू कलानी हे १९८६ मध्ये उल्हासनगरचे नगराध्यक्ष झाले. १९९० मध्ये ते काँग्रेसतर्फे विधानसभेवर निवडून आले. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या शासनाने गुन्हेगारी व राजकारण यांच्या संबंधांविरुद्ध जी मोहीम हाती घेतली, तीत १९९२ मध्ये त्यांना अटक झाली. तथापि कारागृहात असतानाच १९९५ मध्ये अपक्ष म्हणून ते पुन्हा निवडून आले. १९९९ व २००४ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या गटातर्फे ही जागा राखली. अशा रीतीने तीन वेगवेगळ्या नावांखाली एकाच व्यक्तीने सलग चार निवडणुका जिंकल्या. मतदारांची निष्ठा पक्षचिन्हापेक्षा कुटुंबाशी जोडली गेल्याचे यावरून दिसते. २००९ मध्ये मात्र भारतीय जनता पक्षाचे कुमार आयलानी यांनी त्यांचा पराभव केला.

राजकीय कारकीर्द : पतीच्या कारावासाच्या काळात कुटुंबाची राजकीय सूत्रे ज्योती यांच्या हाती आली. स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवण्याचे धोरण महाराष्ट्राने १९९० मध्ये स्वीकारले. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. या तरतुदींमुळे सार्वजनिक जीवनात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या असंख्य स्त्रियांना संधी मिळाली. त्याचबरोबर प्रस्थापित घराण्यांतील स्त्रियांचाही नगरराजकारणात प्रवेश सुकर झाला. ज्योती कलानी यांनी उल्हासनगरचे महापौरपद भूषविले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या शहर शाखेचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते.

डिसेंबर २०१३ मध्ये कल्याण येथील सत्र न्यायालयाने १९९० मधील एका खुनाच्या खटल्यात सुरेश कलानी यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. या निकालाचा राजकीय परिणाम पूर्वीच्या अटकेपेक्षा वेगळा होता. भारतीय कायद्यानुसार खटला चालू असलेला कैदी निवडणूक लढवू शकतो. म्हणूनच १९९५ मधील उमेदवारी शक्य झाली. परंतु लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या आठव्या कलमानुसार दोन वर्षे वा अधिक मुदतीची शिक्षा झालेली व्यक्ती शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे उमेदवारीस अपात्र ठरते. अशा प्रकारे आरोपाने जे घडले नव्हते, ते दोषसिद्धीने घडले व कुटुंबाच्या मुख्य उमेदवाराची जागा रिकामी झाली.

ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत ही जागा ज्योती यांनी राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लढविली. या निवडणुकीत राज्यातील चारही प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे उभे होते व वारे भारतीय जनता पक्षाच्या बाजूने वाहत होते. तरीही ज्योती यांना ४३,७६० आणि कुमार आयलानी यांना ४१,८९७ मते मिळून त्या १,८६३ मतांनी विजयी झाल्या. २८८ सदस्यांच्या त्या विधानसभेत केवळ २० स्त्रिया निवडून आल्या होत्या; त्यांत त्यांचा समावेश होता.

पतीच्या जागी पत्नी हा प्रकार भारतीय राजकारणात नवा नाही. १९९७ मध्ये बिहारचे मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांना चारा घोटाळ्याच्या प्रकरणात पद सोडावे लागल्यावर त्यांच्या पत्नी राबडीदेवी मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्रात आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमन पाटील तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघातून निवडून आल्या. मृत्यूमुळे रिक्त झालेल्या जागी सहानुभूतीचा भाग मोठा असतो. न्यायालयीन निकालामुळे उमेदवार बदलावा लागतो, तेव्हा मतदारांपुढील प्रश्न अधिक अवघड असतो. कारण कुटुंबाने केलेली कामे आणि कुटुंबावरील ठपका या दोहोंचा हिशेब त्यांना एकाच मताने करावा लागतो. उल्हासनगरमधील निसटता निकाल हा या द्विधा मनःस्थितीचा निदर्शक मानता येईल.

पक्षांतर व प्रतिस्पर्धी : २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकीत ज्योती यांचे पुत्र ओमी कलानी यांच्या गटाने भारतीय जनता पक्षाशी हातमिळवणी केली, ज्योती मात्र राष्ट्रवादी काँग्रेसच्या आमदार होत्या. एकाच कुटुंबातील दोन व्यक्ती परस्परविरोधी पक्षांशी संबद्ध असण्याचा हा काळ होता. निवडणुकीनंतर प्रथम कुमार आयलानी यांच्या पत्नी मीना आयलानी व २०१८ मध्ये ओमी यांच्या पत्नी पंचम कलानी महापौर झाल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच गटातील नगरसेवकांच्या पाठिंब्याने शिवसेनेच्या लीलाबाई आशान यांना महापौरपद मिळाले. घराणेशाही हे एकट्या कलानी कुटुंबाचे वैशिष्ट्य नसून त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीही तीच पद्धती अवलंबिली, हे यावरून स्पष्ट होते.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत ज्योती पुन्हा राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार होत्या. या वेळी आयलानी यांना ४३,६६६, तर त्यांना ४१,६६२ मते पडली व २,००४ मतांनी त्यांचा पराभव झाला. दोन निवडणुकांत मिळून दोन्ही बाजूंच्या मतांत फारसा फरक पडला नाही. केवळ दोन-अडीच हजार मतदार इकडून तिकडे सरकल्याने आमदार बदलला.

शेजारच्या मतदारसंघांशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक उठून दिसते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर अंबरनाथ हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तेथे २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे बालाजी किणीकर यांनी जिंकल्या. बदलापूर ज्यात येते त्या मुरबाड मतदारसंघात याच चार निवडणुकांत किसन कथोरे विजयी झाले. पहिल्यांदा राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे व नंतर भारतीय जनता पक्षातर्फे. या दोन्ही ठिकाणी प्रतिनिधी एकच राहिला. उल्हासनगरमध्ये मात्र प्रतिनिधी बदलत राहिले आणि लढत त्याच दोन कुटुंबांत होत राहिली. शहराचा काही भाग अंबरनाथ व कल्याण पूर्व या मतदारसंघांत विभागला गेल्याने संपूर्ण उल्हासनगरचा एक प्रतिनिधी विधानसभेत असत नाही, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

मूल्यमापन : १८ एप्रिल २०२१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ज्योती कलानी यांचे निधन झाले. त्यानंतरच्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून अनेक रहिवासी मृत्युमुखी पडले आणि अनधिकृत व निकृष्ट बांधकामांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तीन दशकांत या शहराची सत्ता ज्या ज्या गटांकडे गेली, त्यांपैकी कोणालाही तो सोडविता आलेला नव्हता. नागरिकांच्या अडचणींत धावून जाणारे कार्यालय म्हणून राजकीय घराण्याला जो पाठिंबा मिळतो, तो अशा प्रश्नांच्या अस्तित्वावरच बऱ्याच अंशी अवलंबून असतो. नियम सर्वांना सारखे लागू होतात, असा विश्वास नसेल तेथे नागरिक ओळखीच्या माणसाचा आधार शोधतात व तो आधार कालांतराने वारशाने चालत राहतो.

हा वारसा अमर्याद नसतो, हे २०२४ च्या निवडणुकीत दिसून आले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटातर्फे उभे राहिलेले ओमी कलानी यांना ५१,४७७, तर कुमार आयलानी यांना ८२,२३१ मते मिळाली. पुत्राला मातेपेक्षा सु. दहा हजार मते अधिक पडूनही पराभवाचे अंतर ३०,७५४ पर्यंत वाढले. कुटुंबाचा निष्ठावान मतदार टिकून राहिला. वाढलेल्या मतदानातील मोठा वाटा मात्र त्याच्या कक्षेबाहेर गेला. नव्या मतदाराला घराण्याच्या परिचयापलीकडे काय देता येईल, या प्रश्नाशी उल्हासनगरमधील दोन्ही कुटुंबांचे भवितव्य निगडित आहे.