पुरुषांमधील संसर्गोत्तर जननेंद्रिय वेदना

परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया यांसारख्या लैंगिक संसर्गावर उपचार पूर्ण झाल्यावरही वृषण, शिश्न, मूत्रमार्ग किंवा ओटीपोटात टिकून राहणाऱ्या दुखण्यास संसर्गोत्तर जननेंद्रिय वेदना म्हणतात. लघवीची जळजळ, वीर्यस्खलनाच्या वेळी दुखणे आणि बसल्यावर जाणवणारा ताण ही तिची नेहमीची लक्षणे होत.

दुखणे उरले म्हणजे रोग उरला, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. अधिवृषणाचा दाह झाला असेल, तर जंतू मेल्यानंतरही सूज व हुळहुळेपणा कित्येक आठवडे राहू शकतो. शिवाय क्लॅमिडियाची जनुकीय चाचणी मृत जंतूंचे अवशेषही टिपते. त्यामुळे उपचारानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत ती केल्यास निष्कर्ष फसवा येण्याचा संभव असतो. खरा संसर्ग उरण्याची कारणे वेगळी असतात: जोडीदारावर उपचार न होणे, औषधाला न जुमानणारा परम्याचा जंतू, किंवा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमसारखा, नेहमीच्या तपासणीत न सापडणारा जंतू. मूत्रमार्ग आकुंचन पावल्यास लघवीची धार बारीक होते.

तपासण्यांत जंतू न सापडता गेल्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वेदना असल्यास दीर्घकालीन ओटीपोट वेदना-लक्षणसमूहाचा विचार होतो. यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले असतात व मज्जातंतू अतिसंवेदनशील बनतात. भीती व अपराधभाव यांनी स्नायू अधिकच आवळले जातात. वेदना काल्पनिक आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. स्नायू सैल करणारी भौतिकोपचार पद्धती, वेदनाशामके, मूत्रमार्गाचा ताण कमी करणारी औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. कारण न पाहता प्रतिजैविकांचे एकामागून एक डोस घेत राहणे मात्र व्यर्थ ठरते.

वृषणात अचानक तीव्र वेदना उठल्यास ती वृषण पिळवटण्याची असू शकते. सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून येथे थांबून चालत नाही.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७-१९५३) हे विषय उघडपणे मांडले. तरीही 'गुप्तरोग' हा शब्द आजही रुग्णाला गप्पच बसवतो. शासकीय 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी, औषधे व समुपदेशन मोफत मिळते. उपनगरातील रुग्णांना विलेपार्ले पश्चिमेचे महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळचे आहे.